कप उतरल्यावर

माझ्या डाव्या फऱ्याखाली, मणक्यापासून चार बोटांवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक तपकिरी डाग पाच महिने होता. मला स्वतःला तो दिसायचा नाही. ब्लाऊजचं माप घेताना शिवणाऱ्या बाईंचं लक्ष गेलं. "ताई, भाजलं का हो इथे?" त्यांनी विचारलं.

भाजलं नव्हतं. पंचवीस वर्षं प्रुफं तपासून मानेचं जे व्हायचं ते झालं होतं, आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मालिश केंद्रात मी कपिंग करून घेतलं होतं. तिथल्या मुलीने पाठीला तेल चोपडलं, प्लास्टिकचे आठ कप लावले, पिस्तुलासारख्या पंपाने हवा ओढून घेतली आणि ती फोनवर बोलायला बाहेर गेली. पंचवीस मिनिटांनी परत आली. झडप उचलून हवा आत सोडायची असते हे तिला कुणी शिकवलं नसावं. तिने कप तसेच उपटले. दोन ठिकाणी पाण्याचे फोड आले होते, एक बोराएवढा. तिने त्यावर बाम चोळला. घरी येऊन मी सुईने फोड फोडला आणि हळद-साय लावली, कारण आमच्या घरात कापलं, खरचटलं, पोळलं की हळदच लावतात. चौथ्या दिवशी पू झाला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "फोड कपाने आणला. डाग मात्र तुम्ही आणलात."

हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं होतं. कप कुठे लावावा, किती वेळ ठेवावा, कुणाकडून लावून घ्यावा हे थोडंफार तरी लोक विचारतात. कप उतरल्यावर त्या कातडीचं काय करायचं, हे मी विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झाला.

आपल्याकडे कप लावणं नवं नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे जांभळे गोल जगाने टीव्हीवर पाहिले आणि कपिंग हा शब्द आपल्याकडच्या जिममध्ये, पार्लरमध्ये येऊन बसला. पण मराठीत त्याला फार जुना शब्द आहे, तुंबडी. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण रोज वापरतो, आणि त्या म्हणीतली तुंबडी नेमकी काय, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना सांगता आलं नाही. ती हीच. दुधी भोपळ्याच्या जातीचं पोकळ, वाळकं फळ म्हणजे तुंबा. त्याची वाटी म्हणजे तुंबडी. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी यांच्या जोडीला तीही असे. गिऱ्हाईक नसलं की न्हावी भिंतीलाच लावत बसतो असं म्हण सांगते, म्हणजे तुंबडी लावणं हे न्हाव्याचं रोजचं, हाताला सवय झालेलं काम होतं.

शब्दांत ही खूण आणखी खोल गेली आहे. अरबीत हिजामा म्हणजे तुंबडी लावणं आणि हज्जाम म्हणजे तुंबडी लावणारा. फारसी-उर्दूतून हा शब्द आपल्याकडे येईपर्यंत हज्जाम म्हणजे न्हावी झाला आणि हजामत म्हणजे दाढी. तुंबडी गेली, दाढी राहिली. गल्लीतल्या सलूनमध्ये बसून 'हजामत' म्हणताना आपण हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका उपचाराचं नाव घेत असतो.

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय जळवांचा आहे. दूषित रक्त काढण्याची तीन साधनं तिथे सांगितली आहेत. वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला अलाबू, म्हणजे आपला भोपळा. शिंग तोंडाने ओढायचं. भोपळ्याच्या आत दिवा ठेवून तो लावायचा. आतली हवा तापते, दिवा विझतो, हवा निवते आणि भोपळा कातडीला घट्ट धरतो. चिनी वैद्य काचेच्या कपात पेटता बोळा फिरवतात त्यामागचं तत्त्व हेच. मला अधिक मोलाचं वाटलं ते पुढचं. जळू सुटल्यावर त्या व्रणाला मध लावा, गार पाण्याने शिंपडा, पट्टी बांधा, थंड-स्निग्ध लेप द्या, असं सुश्रुत सांगतो. रक्त काढून वैद्याचं काम संपत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच सुश्रुताने त्वचेचे सात थर मोजले आणि सगळ्यांत वरच्या थराला नाव दिलं अवभासिनी. वर्ण दाखवणारी, उजळवणारी. माझा डाग होता तो याच थराच्या आसपास.

मधल्या काळात हे शहाणपण कुठेतरी सांडलं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ऐंशीच्या घरातले एक न्हावी काका भेटले. आता दुकान नातू चालवतो. काका बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतात. तुंबडीचं नाव काढल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी मापच दाखवलं, वीतभर.

"आमच्या आज्ज्याकडं शिंगाची होती. टोकाला भोक. कातड्यावर ठेवायची, तोंडानं वढायची, आन् जिभेनं मेणाचा गोळा भोकावर बसवायचा. चिकटली की चिकटली."

"फासण्या कधी टाकायचे, काका?"

"आधी एकदा कोरडी लावायची. कातडं फुगलं की काढायची, वस्तऱ्यानं बारीक फासण्या टाकायच्या, परत लावायची. काळं रगात याचं."

"आणि नंतर? वर काय लावायचे?"

काकांना या प्रश्नाचं नवल वाटलं. "राख," ते म्हणाले. "गवरीची. चाळून."

उघड्या कापांवर शेणाच्या गोवरीची राख. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि तेव्हा गावात लस पोचलेली नव्हती. काकांचे आजोबा कुणाचं वाईट चिंतणारे नव्हते. रक्त थांबावं, जखम सुकावी म्हणून ते राख लावत, जशी मी हळद लावली. कुणी वाचलं, कुणी नाही, आणि न वाचलेल्याचा दोष राखेला कुणी दिला नाही.

हे गावाकडचं अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. जॉर्ज ऑरवेल १९२९मध्ये पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात न्यूमोनियाने पडला होता. तिथले दिवस त्याने १९४६मध्ये छापलेल्या एका निबंधात लिहून ठेवले आहेत. डॉक्टर आणि त्याचा विद्यार्थी आले, समोरच्या खाटेवरच्या रोग्याला काचेचे पेले लावले, आणि तेच पेले निर्जंतुक न करता ऑरवेलला लावले, मग त्याच्या कातडीवर काप घेऊन ते पुन्हा लावले आणि रक्त काढलं. ते झाल्यावर मोहरीचा लेप आला. ताज्या कापांच्या माणसावर मोहरी! युरोपातल्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात, पाश्चरनंतर कितीतरी दशकांनी. राख, मोहरी, हळद. मला या तिन्हींत एकच चूक दिसते. कपाशी सगळ्यांचं लक्ष, कातडीशी कुणाचंच नाही.

कप कातडीला करतो तरी काय? आतली हवा काढली की दाब कमी होतो आणि कातडी, तिच्याखालची चरबी, थोडा स्नायूही वर उचलला जातो. मालिशचा हात दाबतो, कप ओढतो. ओढ वाढली की केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीच्या थरांत सांडतं. तोच तो गोल वळ. तो मार लागल्यासारखा दिसतो कारण तो मारच आहे, फक्त मोजून-मापून दिलेला. 'जितका काळा गोल तितकं विष बाहेर आलं' असं अनेक ठिकाणी छातीठोकपणे सांगतात. हे खोटं आहे. त्या गोलात तुमचं नेहमीचंच रक्त असतं. फासण्यांतून कपात साठतं तेही तेच, आणि त्याची काळपट जेली होते ती गोठल्यामुळे. रक्तातला कचरा काढायला मूत्रपिंडं आणि यकृत अहोरात्र जागी आहेत.

मग उपयोग काही आहे का? मानेच्या आणि कंबरेच्या जुनाट दुखण्यात थोड्या दिवसांपुरता आराम पडतो असं काही चाचण्यांत दिसलं आहे. पण त्या चाचण्या लहान आणि कच्च्या आहेत, आणि एक अडचण सुटता सुटत नाही. खोटी गोळी सहज देता येते, पटण्याजोगा खोटा कप देणं अवघड. पाठीवर कप चिकटला की नाही हे माणसाला बहुधा कळतंच. दमा, रक्तदाब, वांझपण, कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्याच्या दारातून उठून यावं. दुखऱ्या मानेला आठवडाभर उसंत मिळेल एवढीच अपेक्षा ठेवून जाणाऱ्याला मी अडवणार नाही. मी स्वतःच दुसऱ्यांदा गेले.

या वेळी गेले ते युनानी पदवी घेतलेल्या एका डॉक्टरबाईंकडे. महाराष्ट्रात युनानी वैद्यक शिकवणारी महाविद्यालयं आहेत. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये, मुंबईत वर्सोव्याला, मालेगावात. हिजामा तिथे 'इलाज-बित-तदबीर' या शाखेत शिकवतात. त्यात कोरडा आणि फासण्यांचा असे दोन प्रकार. मुस्लीम समाजात चांद्रमहिन्याच्या १७, १९ आणि २१ या तारखांना हिजामा करून घेणं पुण्याचं मानतात, त्यामुळे त्या दिवशी अशा दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. मी मुद्दाम रिकामा दिवस निवडला होता.

मी पाठ करून बसायला गेले तर बाई म्हणाल्या, "पाठ नंतर, ताई. आधी दंड दाखवा."

दंडावर लहानपणी टोचल्याची खूण होती. त्यांनी अंगठ्याने ती चाचपली, दोनदा. सपाट होती. "ही खूण फुगीर, लालसर, खाजणारी असती तर मी तुम्हाला फासण्या टाकल्याच नसत्या," त्या म्हणाल्या. काहींच्या अंगात जखम भरताना थांबायचं कुठे हे कातडीला कळत नाही. व्रण जखमेबाहेर वाढत जातो. त्याला कीलॉइड म्हणतात. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग या त्याच्या आवडत्या जागा आणि कप लावायच्या जागाही त्याच. सावळ्या कातडीत हा धोका जास्त. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, आईला-भावंडांना असं काही आहे का, हेही त्यांनी विचारलं. सोरायसिस किंवा कोड आहे का, हेही. कारण या आजारांत जिथे कातडीला इजा होते तिथेच नवा चट्टा उमटू शकतो. मग रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मधुमेह, सकाळी काय खाल्लं. शेवटी हिमोग्लोबिनचा कागद मागितला. माझं १०.४ होतं.

"मग फासण्या नाहीत. नुसते कोरडे," असं म्हणून त्यांनी ब्लेडचं पाकीट परत कपाटात ठेवलं. "लोक माझ्याकडे रक्त काढायला येतात, आणि त्यातल्या कितीतरी बायकांना आधी रक्ताचीच गरज असते."

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पुन्हा पुन्हा फासण्यांचा हिजामा करून घेऊन हिमोग्लोबिन ढासळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तो कागद मागणारी व्यक्ती मला त्या क्षणी फार जवळची वाटली.

त्यांनी पाच कप लावले. पंपाचे फक्त दोन ओढे. प्रत्येक कपावर मोबाइलचा दिवा धरून त्या आत बघत होत्या. "लाल व्हायला हवं, काळं नाही. आणि दव आल्यासारखं दिसलं की लगेच काढायचं, ती फोडाची सुरुवात असते." पाच मिनिटांनी त्यांनी एकेक झडप उचलली. हवा आत शिरताना बारीक 'फुस्' झालं आणि कप आपणहून सुटला. पलीकडच्या खाटेवर एका गृहस्थांचा फासण्यांचा हिजामा झाला होता. वापरलेलं ब्लेड पांढऱ्या, न टोचता येणाऱ्या डब्यात गेलं, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, कप लाल पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत हेच सांगितलं आहे. जिथे असे तीन रंग दिसत नाहीत, कप नवा फोडलेला दिसत नाही, तिथे फासण्या टाकून घेऊ नयेत. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे सगळे रक्तातून जाणारे आजार आहेत.

आता त्यानंतरच्या दहा दिवसांची गोष्ट. पहिल्या दिवशी गरम पाण्याची आंघोळ नको, वाफ नको, पोहणं नको, व्यायामाचा घाम नको, असं बाईंनी बजावलं होतं. फासण्या टाकलेल्यांनी पट्टी दिवसभर कोरडी ठेवायची, मग कोमट पाणी आणि साधा साबण, आणि टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. माझ्या पाठीवर पाच गोल होते. मानेच्या मुळाशी, जिथे दुखणं मूळ धरून बसलेलं, तिथला सर्वांत गडद, जांभळाच्या सालीसारखा. लेक रोज सकाळी फोनवर फोटो काढून मला दाखवायची. तिसऱ्या दिवशी कडेने हिरवट झाक आली, पाचव्या दिवशी हळदीसारखी पिवळी. सांडलेलं रक्त मोडून शरीर ते परत उचलून नेतं त्याच्या या पायऱ्या. रक्ताच्या लाल रंगातून आधी हिरवं द्रव्य तयार होतं, त्यातून पिवळं, आणि उरलेल्या लोहाचा तपकिरी रंग सगळ्यांत शेवटी जातो. इतकं नीटनेटकं काम आपल्या पाठीवर आपल्याला न विचारता चाललेलं असतं, हे मी पन्नाशीत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

सहाव्या दिवशी खाज सुटली. फूटपट्टी हातात घेतली आणि खाली ठेवली. ओला रुमाल, त्यावर बोटभर साधं खोबरेल. एवढंच. बाम नको, कापूर नको, लिंबू नको, चुना नको. हळदही नको, हे लिहिताना माझा हात अजून थोडा अडखळतो. मधुमेह असेल तर रोज कुणाला तरी पाठ दाखवावीच. लाली पसरत गेली, जागा तापली, ठणकली, पू दिसला, ताप आला तर घरगुती काही न करता डॉक्टर. फोड आला तर फोडायचा नाही; वरची कातडी हीच त्याची सर्वांत चांगली पट्टी असते.

कुणीच सांगत नाही अशी एक गोष्ट मला चौथ्या दिवशी कळली. खांद्यावरच्या पर्सचा पट्टा. डाव्या खांद्यावरचा गोल पट्ट्याच्या बरोबर खाली येत होता आणि दिवसभराच्या घासण्याने संध्याकाळपर्यंत तो भाग पुन्हा लाल झाला. अंतर्वस्त्राचा पट्टाही तसाच. मी पर्स सोडून कापडी पिशवी हातात घेतली, जुना सैल सुती सदरा घातला. तरी चार गोल नवव्या दिवशी गेले आणि तो पाचवा मागे राहिला.

आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीची ही खोड आहे. कुठेही इजा झाली, दाह झाला की ती तिथे जास्तीचं रंगद्रव्य पाठवते. वळ जातो, सावली उरते, कधी आठवडे, कधी माझ्यासारखी पाच महिने. ऊन लागलं की ती गडद होते; म्हणून मान, खांदे उघडे राहणार असतील तर पदर किंवा सनस्क्रीन. आणि इथेच अनेकजणी दुसरी चूक करतात. डाग घालवायला म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडमिश्रित क्रीम आणतात. पहिले काही दिवस कातडी उजळ दिसते, मग पातळ होते, लाल होते, तिच्यावर वाहिन्यांच्या रेघा दिसू लागतात. डाग बरा म्हणायची वेळ येते. त्या क्रीमपेक्षा वेळ हे औषध कितीतरी बरं आहे. सावली पूर्ण गेल्याशिवाय त्या जागी पुन्हा कप नाही, हेही तितकंच पक्कं.

मानेचं विचाराल तर नऊ-दहा दिवस खरंच हलकी होती. कपाने, की चाळीस मिनिटं कुणीतरी लक्ष देऊन हात लावल्याने, ते मला वेगळं काढता येत नाही. त्यानंतर प्रुफांचे गठ्ठे आले आणि दुखणंही आलं. आता मी टेबलाची उंची वाढवली आहे आणि रोज मानेचे व्यायाम करते, आणि त्याचा उपयोग कपापेक्षा टिकाऊ आहे.

त्या वेळी अकराव्या दिवशी नरकचतुर्दशी आली. पहाटे साडेचारला आईने पाटाभोवती रांगोळी काढली, तेल कोमट केलं, उटणं दुधात कालवलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या हातची आंघोळ आम्ही कुणी चुकवत नाही. उटणं खसखसून लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्या खरखरीत हाताला घाबरून पळायचो. मी पाटावर बसले, सदरा खाली सरकवला. पाठीमागून तिचा हात एकदम थांबला.

"हे काय गं?"

मी सांगितलं. शिंगाची तुंबडी तिच्या आजोळी एका वैदू बाईने कुणाला तरी लावलेली तिने पाहिली होती, त्या बाईचं लाल लुगडं तिला आठवत होतं. "मग इथे उटणं लावू की नको?"

"नको, आई. घासू नकोस."

तिने उटण्याची वाटी पाटाच्या कडेला ठेवली, दोन बोटं तेलात बुडवली आणि डाव्या खांद्यावरच्या त्या फिकट गोलाच्या कडेकडेने, आत न जाता, हळूहळू फिरवत राहिली.